भास्करतात्यांची होडी

भास्करतात्या कडलग कुणाच्याही घराची बेल वाजवत नाहीत. कडीही वाजवत नाहीत. दारापासून दोन पावलं मागं उभे राहतात, घसा खाकरतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारतात, "होडीऽऽ!"

श्रीरामपुरातून नदी वाहत नाही. कालवा आहे, पण त्यात होडी घालायचं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. त्यामुळं नवा माणूस गोंधळतो. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी आतूनच सांगून टाकलं होतं, "नको हो, आमच्याकडं आहे!"

तरी तात्या हलत नाहीत. आतून 'करीबू' असं उत्तर यावं लागतं, त्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत. मी नवीनच दवाखाना थाटला होता तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तात्या बाहेर उन्हात उभे, मी आतून "या ना, या" म्हणतोय, आणि ते ढिम्म.

"या न्हाई, डॉक्टर. करीबू म्हना."

"म्हणजे काय?"

"म्हंजी या. होडी म्हंजी, येऊ का."

माझा होमिओपॅथीचा दवाखाना नेवासा रोडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर आहे, आणि त्याच्याच मागच्या खोल्यांत आमचं बिऱ्हाड. तात्या वर राहतात. इमारत त्यांचीच. घरमालक उन्हात उभा असताना शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. मी करीबू म्हणालो. तात्या आत आले, पेशंटच्या बाकावर ऐसपैस बसले, आणि तेव्हापासून तो बाक त्यांचा झाला.

तात्या मूळचे इथल्याच एका खेड्यातले. साखर कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस आटत आला की ज्या भल्यामोठ्या भांड्यात साखरेचा दाणा धरतात, ते पॅन. आणि दाणा कधी धरला हे ज्याला काचेच्या पट्टीवरच्या थेंबाकडं बघून कळतं, तो पॅनमन. आपल्या जिल्ह्यात कारखाने उदंड, त्यामुळं पॅनमनही उदंड, आणि त्यातले कित्येक आफ्रिकेतल्या कारखान्यांवर गेले. तात्या केनियात गेले आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच राहिले. अधूनमधून सुट्टीवर यायचे. बायको इकडंच सासू-सासऱ्यांपाशी राहिली, आणि तात्या कायमचे परत यायच्या आधीच वारली. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला.

इतकी वर्षं परदेशात काढलेला माणूस तिकडून काय काय घेऊन आला, याची गल्लीला फार उत्सुकता होती. तात्यांनी मुख्यतः शब्द आणले होते.

त्यातला त्यांचा लाडका शब्द 'पोले'. कुणाला ठेच लागली, पोले. कुणाची म्हैस आटली, पोले. माझी स्कूटर पंक्चर झाली तेव्हा तात्यांनी आधी चाकावर हात ठेवून चाकाला पोले केलं, मग मला. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही कशाला माफी मागता? खिळा काय तुम्ही टाकला होता?"

"माफी न्हाई ही. तुमाला तरास झाला, त्याचं मला वाईट वाटलं. यवढंच. आपल्याकडं याला शब्द न्हाई. आपल्याकडं लगेच इचारत्यात, कुठं गेल्ता, कशाला गेल्ता, बघून चालवायला काय झालं."

नात्यांचाही त्यांनी गोंधळ घालून ठेवला होता. तिकडं आईला 'मामा' म्हणतात, थोरल्या भावाला 'काका' आणि बहिणीला चक्क 'दादा'. हे ऐकून माझ्या बायकोनं विचारलं, "मग मामाला काय म्हणतात?"

"म्जोंबा."

त्यानंतर माझा मेव्हणा कधी आला की आमची मुलं दारातच "म्जोंबा आला!" म्हणून ओरडायची, आणि तो बिचारा आल्या पावली रुसायचा.

तात्यांना राग एकाच प्रश्नाचा. "तात्या, तिकडं सिंह बघितले का हो?" केनिया म्हटलं की समोरचा हे विचारणारच. तात्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. "बघितला. पुन्याच्या बागेत, पिंजऱ्यात. कारखान्यावर सिंह कशाला येईल? त्याचा ऊस हाय का तिथं?"

गावातल्या एका शाळेनं स्नेहसंमेलनाला तात्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. कार्यक्रमात 'आफ्रिकन डान्स' होता. मुलांनी तोंडाला काळा रंग फासला होता, कमरेला अशोकाची पानं बांधली होती आणि हातात थर्माकोलचे भाले घेऊन ती हू हू करत रिंगणात नाचत होती. पालक टाळ्या पिटत होते. मी तात्यांच्या शेजारीच बसलो होतो. नाच संपला तसे तात्या उठले आणि कुणी बोलावलेलं नसताना स्टेजवर गेले. त्यांनी माईक घेतला.

"पोरांनो, लई झ्याक नाचला. पन ही मानसं कुठली? मी तिथं राहून आलो. मला पानं गुंडाळलेलं कुनी भेटलं न्हाई. माझ्या हाताखालचा मानूस रोज इस्तरीचा शर्ट घालून ड्यूटीवर यायचा. इस्तरी मलाच नसायची."

लोक हसले. मुख्याध्यापिका बाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग तात्या, तुम्हीच सांगा ना मुलांना, तिथं काय असतं ते."

तात्या सुरू झाले. तिथले दगडावर काम करणारे कारागीर, तिथली वाद्यं, तिथली मडकी. ते बोलत राहिले आणि समोरची पोरं एकेक करून खुर्च्यांच्या आडोशाला मोबाईल काढत राहिली. तात्यांच्या ते लक्षात आलं. ते खाली उतरले, एका मुलाच्या मागं उभे राहिले आणि त्याच्या मोबाईलमध्ये बराच वेळ डोकावत राहिले. मुलगा बंदूक घेऊन कुठल्याशा पडक्या इमारतीत शिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात होडी झाली, करीबू झालं, आणि तात्यांनी बसता बसता जाहीर केलं, "डॉक्टर, भाषन बंद. आता गेम करायचा."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तात्यांना कॉम्प्युटरची भीती नव्हती. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तिकडच्या कारखान्यातलं पॅनही पडद्यावरून चालायला लागलं होतं, आणि ते त्यांनी शिकून घेतलं होतं. त्यांनी जुना लॅपटॉप आणला, गेम बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यात उतरवून घेतलं, आणि इंटरनेटवरचे शिकवणीचे व्हिडिओ बघायला बसले. व्हिडिओ इंग्रजीत. शिकवणारा पोरगा गाडी सुटल्यासारखा बोलायचा. तात्या त्याला दर वाक्याला थांबवत. "दम खा, बाबा. कुठं जायाचंय तुला?"

पहिली गाय झाली ती स्टुलासारखी दिसत होती. मी तसं म्हणालो. तात्या म्हणाले, "चार पाय हायेत ना? दूध न्हाई काढायचं तिचं." पहिला माणूस तर बरेच दिवस उलटाच चालत होता. पण दीडएक वर्षात तात्यांनी खरोखर एक गेम उभा केला. त्याचं नाव 'होडी'.

गेम असा. डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. वर किसी भागातलं एक गाव आहे. तिथं संगजिऱ्यासारखा मऊ दगड निघतो, पांढरा, गुलाबी, राखी. घरोघरी त्याची कोरीव कामं होतात, वाडगे, माणसं, पक्षी. तुम्ही वर जायचं आणि त्या लोकांकडून दगड कोरायला शिकायचं. बस्स. पण गेलात आणि लगेच दगड उचललात तर हरलात. कुत्रं अंगावर येतं आणि तुम्ही परत पायथ्याशी. आधी दारापासून दोन पावलं मागं उभं राहायचं. होडी म्हणायचं. मग बाहेर आलेल्या बाईला विचारायचं, रात्री झोप लागली का, पोरं कशी आहेत, गाय कशी आहे, पाऊस झाला का. तिनं विचारलं तर तुम्हीही सांगायचं. हे सगळं झालं की ती अंगणात बसायला स्टूल देते, आणि मग छिन्नी.

दगड ओला करून कोरायचा. कोरडा कोरलात तर पडद्यावर नुसता धुरळा. कोरायचं काम पुरुषाचं, घासून चकचकीत करायचं बाईचं. म्हणून कोरून झालेला वाडगा त्या बाईला द्यायचा आणि ती घासत असताना तिला पाणी आणून द्यायचं. वाडगा तसाच खरखरीत ठेवून निघालात तर ती म्हणते, "पोले," आणि तुमचा वाडगा तुमच्या हातात परत.

पुढं खालच्या सपाटीवरचं गाव लागतं. तिथं आठ तारांचं न्यातिती नावाचं वाद्य वाजवायचं. बुटक्या स्टुलावर बसायचं, उजव्या पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं घालायचं आणि हातानं तारा छेडताना त्या कड्यानं वाद्याच्या लाकडावर ठेका धरायचा. यासाठी तात्यांनी दोन बटणं ठेवली होती. एक हाताचं, एक अंगठ्याचं. मला ते अजून जमलेलं नाही.

गेममधल्या सगळ्या माणसांना आवाज तात्यांचाच. पुरुषांना खर्जातला, बायकांना बारीक, आणि गाईलाही.

आता हा गेम खेळणार कोण? तात्यांनी तोही प्रश्न सोडवला. दवाखान्यात माणूस बसून असतो. होमिओपॅथीच्या दवाखान्यात जरा जास्तच. तात्यांनी लॅपटॉप बाकासमोर टीपॉयवर मांडला आणि येईल त्या पेशंटला आफ्रिका शिकवायला सुरुवात केली.

पहिला बळी एक टेम्पोवाला. त्याला मूळव्याध होती, तात्यांनी तरी बसवलं. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली. "काका, बंदूक कुठनं घ्यायची?"

"बंदूक न्हाई."

"मग सिंह आला तर?"

तात्यांनी लॅपटॉप मिटला आणि मला आत येऊन सांगितलं, "त्याला कडू औषध द्या." माझ्याकडं साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांशिवाय काही नसतं हे त्यांना माहीत होतं.

कॉलेजची पोरं दारातच हरायची. होडी न म्हणताच आत घुसायची, कुत्रं यायचं, पोरं पायथ्याशी. पुन्हा घुसायची, पुन्हा कुत्रं. "अहो, ही बाई किती बोलते! स्किप कुठंय?" तात्या समाधानानं मान हलवायचे. "स्किप न्हाई. बाईला स्किप करता येत न्हाई."

आणि मग एक दिवस ठकूबाई आल्या. बेलापूरकडच्या, गुडघेदुखीच्या माझ्या जुन्या पेशंट. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, कानाला जरा कमी. लॅपटॉपला आयुष्यात हात लावलेला नाही. तात्यांनी बटण कुठलं ते दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा होडी म्हटलं, बाई बाहेर आली, आणि ठकूबाई तिला विचारत सुटल्या. झोप विचारली, पोरं विचारली, गाय विचारली, पाऊस विचारला. एकही प्रश्न सोडला नाही. मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "आन सून नीट वागती का म्हनावं?"

"ते गेममधी न्हाई, मावशी."

"मग घाला की. त्याबगर मानसाचं कळायचं कसं?"

तात्यांनी वर जाऊन सून घातली.

ठकूबाई त्या दिवशी डोंगर चढल्या, वाडगा कोरला, बाईला पाणी दिलं, न्यातिती मात्र "माझं गुडघं दुखत्यात" म्हणून तात्यांकडून वाजवून घेतली. पुढं त्या दर आठवड्याला यायला लागल्या. गुडघ्याचं नावही काढत नसत. बाकावर बसून आधी विचारत, "त्या मामाची गाय याली का?"

गेम पूर्ण झाला की शेवटी तुम्ही पुन्हा डोंगरावर येता, ती बाई तुम्हाला अंगणातून घराच्या दाराशी नेते, म्हणते "करीबू", दार उघडतं, पडदा पांढराशुभ्र होतो, आणि अक्षरं उमटतात: संपलं. ठकूबाई दरवेळी विचारत, "आत काय हाय?" तात्या म्हणत, "आत काय असायचं? घर." आणि लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेत.

पावसाळा संपता संपता एके दुपारी दवाखान्यात एक मुलगी आली. उंच, डोक्याला बारीक वेण्या, खांद्याला कॉलेजची बॅग. जवळच्या फार्मसी कॉलेजात शिकत होती. इथल्या धुळीनं तिला शिंका लागायच्या. नाव मोरा, गाव केनियात, किसी.

बाकावर तात्या होते आणि ठकूबाई होत्या. मुलगी दारात उभी राहिली ती जरा अंग चोरूनच. रस्त्यावर लोक तिच्याबरोबर फोटो काढायला मागतात, पोरं मागून काहीबाही ओरडतात, हे तिनं मला नंतर सांगितलं. इथंही आता काहीतरी होणार अशा तयारीनं ती आली होती. तात्या ताडकन उठले, आणि तिच्या भाषेत तिची झोप, घर, पोरंबाळं, गाय, पाऊस असं सगळं विचारून मोकळे झाले.

मोरा आधी बघतच राहिली. मग तोंडावर हात धरून हसायला लागली. दोन वर्षं इथं राहून तिला मराठी येत होतं, फक्त लिंग तिला सापडत नव्हतं. "सर, माझा आजी असं बोलतो!"

तात्यांनी तिला तिथल्या तिथं खेळायला बसवलं. मी आतला पेशंट तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिलो. तात्यांची आज परीक्षा होती. मोरानं होडी म्हटलं. बाई बाहेर आली. तात्यांचा बारीक आवाज ऐकून मोरा पुन्हा हसली. पण दगड हातात आला तशी ती गप्प झाली. "हा गुलाबी... हा बरोबर आहे, सर. हे पाणी मारतात, हे पण बरोबर. माझा आई असंच घासतो." तात्यांची छाती फुगत चालली होती.

मग तिनं मान वर करून विचारलं, "सर, हे साल कोणता?"

"म्हंजी?"

"लाईट नाही. मोबाईल टॉवर नाही. आमच्याकडे रस्त्यावर सगळीकडे बोडाबोडा आहे, मोटरसायकलवर माणसं नेतात. इथं एक पण नाही. सगळ्या बाया एकाच रंगाचा कपडा घालतात. हे माझा आजीच्या लहानपणीचा गाव आहे."

"मी डोळ्यांनी बघितलंय," तात्या म्हणाले.

"मी तिथं जन्मले, सर."

तात्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. मोरा खेळत राहिली. वाडगा झाला, न्यातिती तिनं पहिल्या फटक्यात वाजवली, बाई तिला दारापाशी घेऊन गेली. करीबू. दार उघडलं. पांढरा पडदा. संपलं.

"आत?" मोरा म्हणाली.

"आत काय! झाला गेम."

"सर, आतच तर सगळं असतं. माणसं आत असतात. तुम्ही बाहेरचं इतकं बारीक केलं, कोंबडीचं खुराडं पण केलं. आत का नाही केलं?"

तात्या लॅपटॉपकडं बघत होते. मग ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाले, "मी आत गेलोच न्हाई कधी."

ठकूबाईंना ऐकू कमी येतं, पण हे आलं. "कुनी बोलावलं न्हाई व्हय तुमाला?"

"बोलावलं, मावशी. लई येळा. माझ्या हाताखाली ओगेटो म्हनून हुता. दगडाचं काम करनारं घर त्याचं. ते सगळं त्यानंच शिकिवलं मला, पॅनपाशी बसून. आय म्हनती घरी आना, म्हनून मागं लागायचा. मी म्हनायचो, येतो, पुढल्या रविवारी येतो. आमच्या क्वार्टर्समधली आपल्याकडली मानसं कुनी त्यांच्याकडं जात नसत. काय खायला घालत्याल, काय न्हाई, उगं बोलनी व्हायची. डोंगरावर गेल्तो त्याच्यासंगट. दारापतुर गेल्तो. म्हातारी करीबू म्हनाली. मी म्हनलं, बुटात चिखल हाय, फुडच्या येळंला. फुडची येळ झालीच न्हाई."

त्यांनी लॅपटॉप मिटला, काखेत घेतला आणि जिना चढून वर निघून गेले.

त्यानंतर तात्या खाली आलेच नाहीत. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा. दूधवाल्याकडून कळायचं की बरे आहेत, दूध घेतात. माझा बाक रिकामा. पेशंट आपापल्या मोबाईलमध्ये. ठकूबाई येऊन टीपॉयच्या मोकळ्या जागेकडं बघायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमी काय औषध देता का न्हाई त्यास्नी?"

औषध मोरानं आणलं. ती शिंकांच्या गोळ्या घ्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, सर कुठं आहेत, आणि माझं उत्तर पुरतं न ऐकताच ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं होडीची अशी हाक मारली की तात्यांना यावंच लागलं. दाढी वाढलेली. तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि मोबाईलवर तिच्या घरी व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग एका म्हातारीचं कपाळ, मग म्हातारी. मोराची आजी. मोरा तिच्याशी त्यांच्या भाषेत भराभर काही बोलली. म्हातारीनं डोळे बारीक करून तात्यांकडं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आजी विचारतो, हा माणूस जेवला का?"

"जेवलो म्हनावं," तात्या म्हणाले. जेवले नसावेत.

मग म्हातारी उठली आणि हातात मोबाईल धरून तिनं आम्हाला तिचं घर दाखवलं. मोबाईल हलत होता, निम्मा वेळ जमीनच दिसत होती. तरी दिसलं. सोफा होता, आणि सोफ्याच्या पाठीवर, हातांवर, टीव्हीवर, टीपॉयवर, जिथं म्हणून जागा आहे तिथं क्रोशाचे पांढरे रुमाल अंथरलेले. भिंतीवर छताजवळ नातेवाइकांचे फोटो ओळीनं, मान दुखेल इतके वर. कॅलेंडर. प्लॅस्टिकची फुलं. चहाचा मोठा थर्मास. कोपऱ्यात घासून ठेवलेले दगडी वाडगे, एकात किल्ल्या, एकात औषधाच्या पट्ट्या.

ठकूबाई मागून वाकून बघत होत्या. "आगं बया. ह्ये तर आमच्या थोरलीचंच घर. ह्यो असाच रुमाल टीव्हीवर."

म्हातारी एका दारापाशी थांबली, आतली खोली दाखवू की नको असा विचार करून लाजली, आणि मग दाखवलीच. पलंगावर कपड्यांचा ढीग होता. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"म्हणतो, पसाऱ्याकडं बघू नका."

तेव्हा तात्या हसले. हसता हसता त्यांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला, आणि तो तसाच बराच वेळ तोंडावर धरून बसले.

दुसऱ्या दिवसापासून तात्या पुन्हा बाकावर. गेममधल्या घराला आतली बाजू येऊ लागली. मोरा दर शनिवारी येऊन चुका काढायची आणि तात्या तणतणत दुरुस्त करायचे. बोडाबोडा आली, मोबाईल टॉवर आला, बायकांच्या कपड्यांना रंग आले. क्रोशाच्या रुमालांनी मात्र त्यांचा जीव घेतला. "एकेक भोक पाडायचं, डॉक्टर! गाय परवडली." गेम आता उघडलेल्या दारापाशी संपत नाही. तुम्ही आत जाता, चहा पिता, फोटोतल्या माणसांची नावं विचारता, आणि म्हातारी तुम्हाला लवकर उठू देत नाही. नुकताच तो त्याच शाळेतल्या मुलांना दाखवला. दोघं-तिघं कुत्र्याला कंटाळून उठून गेली. बाकीची बसली.

आणि मग एकदा तात्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मला, माझ्या बायकोला, मोराला आणि ठकूबाईंना. रविवारी, वरती.

मी जिना चढताना बायको हळूच म्हणाली, "इतकी वर्षं खाली राहतोय, आपण वर कधी आलोच नाही, नाही का?" खरं होतं. काम पडलंच तर तात्याच आधी खाली आलेले असायचे. दार सकाळपासून उघडं होतं असं दिसत होतं. तात्या इस्तरीचा शर्ट घालून जिन्याच्या तोंडाशी उभे.

घर स्वच्छ होतं, आणि इतकं रिकामं, की बोललं तर आवाज घुमत होता. एक कॉट, एक टेबल, टेबलावर लॅपटॉप. एक खुर्ची. बाकी चार खुर्च्या मंडपवाल्याकडून आणलेल्या, लाल प्लॅस्टिकच्या. तात्यांनी पिठलं केलं होतं, भाकरी केल्या होत्या, आणि मोरासाठी पांढऱ्या मक्याच्या पिठाची उगाली, आपल्या उकडीसारखी, पण घट्ट. तिच्यात गुठळ्या झाल्या होत्या. मोरानं तसं तोंडावर सांगितलं आणि दोनदा मागून घेतली.

ताटं नवी होती. स्टीलचा सहा ताटांचा संच, आणि प्रत्येक ताटाच्या मधोमध दुकानाचं गोल स्टिकर तसंच. मी पिठलं स्टिकरच्या कडेकडेनं खात होतो. तात्या बसायलाच तयार नव्हते. पाणी आण, मीठ आण, भाकरी वाढ, नुसती येरझार. शेवटी ठकूबाईंनी दटावलं, "बसा की आता. किती नाचताय!" तेव्हा ते कॉटच्या कडेवर टेकले, ताट मांडीवर घेतलं, आणि न जेवता आम्ही जेवतोय तेच बघत राहिले.

जेवणं झाल्यावर मोरा ताटं घेऊन मोरीवर गेली. तात्या मागून "राहू दे, राहू दे" म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. घासता घासता ती एका स्टिकरखाली नख घालून ते सोलायला लागली. ते निघेना. तिनं वळून विचारलं, "सर, काढू? का ताटं परत ठेवून द्यायचे आहेत?"

तात्यांनी संचातलं उरलेलं सहावं ताटही आणून तिच्यापुढं ठेवलं.

"काढ," ते म्हणाले. "सगळ्यांची काढ. आता लागत्याल."